मुलींचे माध्यमिक शिक्षण आणि मुख्याध्यापकाचा कारभार

प्रस्तावना

दरवर्षी उन्हाळा सरत असता माध्यमिक शालान्त परीक्षेचा निकाल लागतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतून यंदाही मुलींनीच बाजी मारल्याचा मथळा इतक्या नियमितपणे झळकतो की, त्यात बातमी अशी काही उरलेली नाही. उत्तीर्णांच्या शेकडेवारीत मुली मुलांच्या पुढे असतात हे खरे, आणि हे एखाद्या विभागाचे किंवा एखाद्या वर्षाचे यश नसून वर्षानुवर्षांचा शिरस्ता आहे हेही खरे. परंतु ही शेकडेवारी काढताना ज्या संख्येने भागावयाचे ती संख्या परीक्षेस बसलेल्यांची असते, पाचवीत किंवा आठवीत ज्यांची नावे पटावर चढली होती त्यांची नसते. नववीच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर जी परत आली नाही, जिच्या नावापुढे वर्गशिक्षकाने महिनाभर गैरहजेरीच्या खुणा करून अखेरीस लाल शाईने रेघ ओढली, जिचा शाळा सोडल्याचा दाखला कोणी नातलग येऊन घेऊन गेला, ती ह्या शेकडेवारीत कोठेच नसते. तिच्या नसण्याने निकाल घसरत नाही. उलट, अभ्यासात मागे पडलेली मुलगी परीक्षेपूर्वीच गळाली तर निकाल किंचित सुधारतोच.

ही अप्रिय गोष्ट आरंभीच सांगितली ती अशासाठी की, प्रस्तुत लेखसंग्रहाचा विषय तिच्यातूनच उद्भवला आहे. माध्यमिक शाळेतील मुलींचे यश म्हणजे काय, ते कशाने वाढते, आणि ते वाढविण्यात शाळेच्या प्रमुखाचा हात कितपत पोहोचतो, हे ह्या संग्रहापुढील प्रश्न होत. यश ह्या शब्दाने येथे गुणपत्रिकाच अभिप्रेत असती, तर चार परिपत्रके व दोन सराव परीक्षा ह्यांत विषय आटोपला असता. मुलगी पटावर राहिली पाहिजे, राहून खरोखर शिकली पाहिजे, आणि दहावीनंतर कोणती वाट धरावयाची हे ठरविताना घरच्यांपुढे स्वतःचे म्हणणे मांडण्याइतका तिला स्वतःविषयी भरवसा वाटला पाहिजे, एवढे सारे त्या शब्दात येते असे ह्या संग्रहाच्या लेखकांनी गृहीत धरले आहे, आणि मलाही ते मान्य आहे.

प्रथम मुख्याध्यापक नेमका कोठे उभा असतो हे पाहू. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा ह्या वयाच्या बालकांस शिक्षणाचा हक्क दिला. म्हणजे साधारणतः आठवी संपते तेथे त्या हक्काची सीमाही संपते. आपल्या खेड्यांची रचना अशी की, जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीपर्यंत गावातच असते आणि पुढचे हायस्कूल थोरल्या गावी, कोणत्या तरी शिक्षणसंस्थेने चालविलेले असते. हक्काची हद्द, गावाची हद्द आणि मुलीचे वयात येणे ह्या तिन्ही गोष्टी अशा एकाच सांध्यावर येऊन मिळतात. त्या सांध्याच्या पलीकडे पहिला जो अधिकारी मुलीला भेटतो तो मुख्याध्यापक. त्याच्या डोक्यावर एकीकडे शिक्षणाधिकाऱ्याचे कार्यालय, दुसरीकडे संस्थाचालक. समोर गाव आणि पाठीशी शिक्षकवर्ग. शिक्षक नेमण्याचा अधिकार त्याचा नाही, अभ्यासक्रम ठरविण्याचा नाही, आणि पैशाच्या बाबतीत तर मंजुरीवाचून त्याला फारसे काही करता येत नाही. मग त्याच्या हाती राहते काय? वेळापत्रक, वर्गवाटप, हजेरीपत्रक, दाखल्यावरील सही, पालकांची भेट, जादा तासांची वेळ, आणि स्वच्छतागृहाची किल्ली कोणाजवळ असावी ह्याविषयीचा हुकूम. ह्या सर्व क्षुल्लक बाबी म्हणून गणल्या जातात. माझे स्वतःचे मत असे झाले आहे की, मुलीचे शिक्षण टिकणार की तुटणार हे बहुधा ह्याच क्षुल्लक बाबींत ठरते. आणि शालेय नेतृत्व ह्या भारदस्त नावाखाली जे काही बोलले-लिहिले जाते, ते ह्या दप्तरी बाबींपर्यंत उतरत नसेल तर मुलींच्या दृष्टीने त्याचा उपयोग थोडा.

ही दृष्टी नवी नाही. महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगताना आपण समाजसुधारकांची नावे घेतो, परंतु ह्या मंडळींपैकी पुष्कळांचा दिवस प्रत्यक्ष शाळा चालविण्यात जात असे हे आपण विसरतो. १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी मुलींची शाळा काढली, आणि तेथपासून पुढे शिक्षिका मिळवा, मुली जमवा, देणग्या गोळा करा, तपासणीस सामोरे जा, हा सारा व्याप त्यांच्या मागे लागला. त्या शाळांच्या यशाचे माप त्या वेळच्या परीक्षकांनी वाचन, लेखन व हिशेब ह्यांतच घेतले असणार. पण १८५५ साली त्यांच्याच शाळेतील मुक्ता साळवे ह्या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला, आणि शाळेत शिकलेली मुलगी केवळ उत्तरे लिहीत नाही, प्रश्नही विचारते, हे महाराष्ट्राला छापील स्वरूपात दिसले. मुलींच्या शैक्षणिक यशाची व्याख्या शोधू पाहणाऱ्याने ह्या निबंधाची आठवण अवश्य ठेवावी.

१८८२ साली हंटर आयोगापुढे पंडिता रमाबाईंची साक्ष झाली, तेव्हा त्यांनी उदात्त भाषा फार वापरली नाही. मुलींसाठी शिक्षिका तयार करा, त्यांस योग्य शिक्षण व वेतन द्या, आणि शाळा तपासण्यास स्त्रियाच नेमा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. तपासनिसाच्या खुर्चीवर कोण बसतो ह्यावर शाळेतील मुलीचे भवितव्य पुष्कळसे अवलंबून असते, हे त्यांनी ओळखले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८४ साली, रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींच्या प्रयत्नाने मुलींचे हायस्कूल उघडले; तेच पुढे हुजूरपागा ह्या नावाने ओळखले गेले. मॅट्रिकपर्यंत जाणारे शिक्षण आणि तेही हिंदू मुलींना, ह्या कल्पनेनेच पुण्यात खळबळ उडाली. ह्या वादाविषयी आपण सामान्यतः सनातनी व सुधारक अशा मोठ्या शब्दांत बोलतो. परंतु त्या काळच्या पत्रांतून त्याचा मागोवा घेऊ गेल्यास वादाचे मूळ एका अगदी कारकुनी प्रश्नाशी येऊन ठेपते: शाळा किती वाजता भरावी आणि किती वाजता सुटावी? ‘मराठा’ पत्राचा आक्षेप असा की, अकरा ते पाच ही मुलांची वेळ मुलींना लागू केली तर सासरची कामे करावयाची कोणी. मुलींना तीन तासांची शाळा पुरे, आणि विषयही त्यांच्या संसारास उपयोगी पडतील असेच असावेत. शाळेच्या चालकांनी हे ऐकले नाही. वेळापत्रकाच्या एका कोष्टकात दोन जीवनदृष्टी अशा समोरासमोर उभ्या राहिल्या होत्या, आणि त्या कोष्टकावर सही करणारा माणूस, त्याला जाणीव असो वा नसो, त्यांपैकी एकीची बाजू घेतच होता. आजच्या मुख्याध्यापकाचीही स्थिती ह्याहून फारशी वेगळी नाही.

पुढे ह्या वादाचे दोन संप्रदाय झाले. मुलामुलींचा अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, कसोटी एक, हा हुजूरपागेचा संप्रदाय. दुसरा महर्षी कर्व्यांचा. हिंगण्याच्या आश्रमाचा व महिला विद्यालयाचा अनुभव गाठी बांधून त्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले, तेव्हा मातृभाषेतून शिक्षण आणि स्त्रीजीवनास अनुरूप असे स्वतंत्र विषय ही त्याची दोन मुख्य सूत्रे होती. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यांच्या हाती पडली होती आणि तिचा त्यांच्या मनावर मोठा परिणाम झाला होता, हे सर्वश्रुत आहे. कर्व्यांची भूमिका पराभूताची नव्हती, व्यवहारज्ञाची होती; ज्या मुली मॅट्रिकच्या दारापर्यंत कधीच पोहोचणार नव्हत्या त्यांच्यासाठी त्यांनी निराळे दार बांधले. तथापि ह्या निराळेपणाची किंमत विद्यार्थिनींनाच मोजावी लागली, कारण त्यांच्या पदवीला कायदेशीर मान्यता मिळण्यास १९५१ साल उजाडावे लागले. स्वातंत्र्योत्तर काळात दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय समितीने स्त्रीशिक्षणाच्या प्रश्नाकडे सरकारचे लक्ष खेचले, आणि त्यानंतर मुलामुलींच्या अभ्यासक्रमांत भेद असावा की नाही हे पाहण्यास हंसा मेहतांची समिती नेमली गेली. स्वतः हंसाबाई काही काळ कर्व्यांच्याच विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. तरीही त्यांच्या समितीचा कौल भेदाच्या विरुद्ध गेला, आणि कोठारी आयोगानेही तोच उचलून धरला. तात्त्विक वाद अशा रीतीने मिटला.

व्यवहारात तो मिटला नाही. त्याने वेष बदलला एवढेच. खेड्यापाड्यांत कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने व तिच्या मागोमाग आलेल्या इतर संस्थांनी जी हायस्कुले काढली, ती बहुतेक सहशिक्षणाची निघाली. ह्यामागे सहशिक्षणाच्या तत्त्वाचा पुरस्कार किती आणि दोन इमारती बांधण्यास पैसा नाही ही अडचण किती, हे सांगणे कठीण आहे. मुली त्या शाळांत आल्या, पण शाळा त्यांच्यासाठी म्हणून आखलेली नव्हती. मैदान मुलांचे, प्रयोगशाळेत पुढे उभे राहणे मुलांचे, आणि स्नेहसंमेलनात रांगोळी व स्वागतगीत मुलींचे, अशी वाटणी कोणी हुकूम न काढता आपोआप होऊन गेली. अगदी अलीकडेपर्यंत नववी-दहावीस सामान्य गणिताचा सोपा पर्याय उपलब्ध होता. तो कोणी घ्यावा ह्याविषयी वर्गशिक्षक जी सल्लामसलत करीत, तिच्यात मुलीच्या कुवतीपेक्षा ‘हिला पुढे कोठे इंजिनिअर व्हायचे आहे’ ह्या अनुच्चारित वाक्याचेच वजन अधिक असे. अभ्यासक्रमातील भेद धोरणाने काढून टाकला. वर्गातील भेद काढणे हे मुख्याध्यापकाचे काम होते, आणि ते त्याचे काम आहे असे त्याला कोणी सांगितले नाही.

आता शास्त्राकडे वळू. शालेय नेतृत्वाचा अभ्यास हे स्वतंत्र शास्त्र म्हणून गेल्या पन्नास-साठ वर्षांत आकारास आले, आणि त्याची जन्मभूमी मुख्यत्वे अमेरिका व इंग्लंड ही आहे. तत्पूर्वी मुख्याध्यापक हा कारभारी, एवढीच कल्पना होती. आपली माध्यमिक शाळा संहिता आजही बव्हंशी त्याच कल्पनेवर उभी आहे. १९६६ साली अमेरिकेत कोलमनचा प्रसिद्ध अहवाल निघाला आणि मुलांच्या यशात शाळेपेक्षा घरच्या परिस्थितीचाच वाटा मोठा असतो, असा त्याचा अर्थ लोकांनी काढला. ह्या निराशेला उत्तर म्हणून रोनाल्ड एडमंड्स व त्यांचे सहविचारी पुढे आले. गरीब वस्तीतही उत्तम चालणाऱ्या शाळा असतात, आणि अशा शाळांत अध्यापनाकडे जातीने लक्ष देणारा प्रमुख हटकून आढळतो, हे त्यांचे प्रतिपादन. ह्यातून अध्यापनकेंद्री नेतृत्वाचा संप्रदाय निघाला. १९७८ साली जेम्स मॅकग्रेगर बर्न्स ह्यांनी राजकीय नेतृत्वावर जो ग्रंथ लिहिला त्यातील परिवर्तनशील नेत्याची कल्पना पुढे शाळांना लावली गेली, तो दुसरा संप्रदाय. सहकाऱ्यांपुढे ध्येय ठेवणारा, त्यांस स्फूर्ती देणारा मुख्याध्यापक हा त्याचा नायक. तिसरा संप्रदाय जेम्स स्पिलेन प्रभृतींचा. नेतृत्व एका खुर्चीत नसते, ते पर्यवेक्षक, वर्गशिक्षक, कारकून, शिपाई ह्या सर्वांच्या परस्परव्यवहारात वाटलेले असते, असे ते म्हणतात. ह्या तिसऱ्या मताविषयी मला विशेष आदर आहे, कारण आपल्या शाळांत मुलीच्या घरची खबर सर्वांत आधी शिपाईमावशींना कळते.

ह्या संप्रदायांतील वाद अनेक वर्षे शब्दांचाच होता. २००८ साली न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वीच्या अभ्यासांचे एकत्र गणित मांडून त्याला काहीसा निकाली स्वरूपात आणले: विद्यार्थ्यांच्या शिक्षणावर अध्यापनकेंद्री नेतृत्वाचा परिणाम परिवर्तनशील नेतृत्वाच्या तिप्पट-चौपट दिसतो, आणि त्यातही शिक्षकांच्या शिकण्यात मुख्याध्यापक स्वतः सामील होतो तेथे तो सर्वाधिक असतो. भाषणे करणाऱ्या प्रमुखापेक्षा शिक्षकांबरोबर बसून पाठाची चर्चा करणारा प्रमुख अधिक उपयोगी, असा ह्याचा साधा अर्थ. परंतु ह्या सगळ्या शास्त्राने विद्यार्थी हा एकच सामान्य प्राणी मानला होता. १९८७ साली चॅरोल शेकशाफ्ट ह्यांनी शैक्षणिक प्रशासनातील स्त्रियांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात ह्या शास्त्राचे बहुतेक सिद्धान्त पुरुष अधिकाऱ्यांच्या निरीक्षणातून आलेले आहेत हे त्यांनी दाखवून दिले. इंग्लंडात फ्रान्सिस मेरी बस व डोरोथिया बील ह्या दोन मुख्याध्यापिकांनी एकोणिसाव्या शतकातच राजनियुक्त आयोगापुढे साक्ष देऊन मुलींच्या माध्यमिक शिक्षणाची बाजू मांडली होती. त्यांचे अनुभव नेतृत्वशास्त्राच्या पायाभरणीत कोठेच धरले गेले नव्हते. आपल्याकडील रमाबाई, पार्वतीबाई आठवले वा कोल्हापूरच्या रखमाबाई केळवकर ह्यांच्याविषयी तर बोलावयासच नको.

मुलींच्या शिक्षणाविषयी भारतात झालेले निरीक्षणशास्त्रीय अभ्यास ह्या नेतृत्वशास्त्रापासून अलगच वाढले, आणि ते वाचताना पुष्कळ सुखद तसेच काही गैरसोयीच्या गोष्टी आढळतात. बिहारने २००६ साली नववीत नाव घालणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना काढली. कार्तिक मुरलीधरन व निशित प्रकाश ह्यांच्या अभ्यासाप्रमाणे तिने माध्यमिक शाळेतील मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढविली आणि मुलामुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी घटविली, व हा परिणाम मुख्यतः तीन किलोमीटरांहून दूरच्या गावी दिसला. पश्चिम बंगालमध्ये ज्या गावांत सरपंचपद सतत दोन खेपा स्त्रियांसाठी राखीव राहिले, तेथे मुलींविषयी आईबापांच्या आणि स्वतः मुलींच्याही आकांक्षा उंचावल्या, असे एस्थर दुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. एकाच खेपेने मात्र असे झाले नाही. मोठ्या बाईंच्या खुर्चीवर एक स्त्री बसलेली रोज दिसणे हे स्वतःच एक अध्यापन आहे, आणि त्याला फळ येण्यास मुदत लागते, असा ह्यातून तर्क बांधता येतो. उलटपक्षी, मासिक पाळीमुळे मुलींची शाळा सर्रास बुडते ही समजूत घेऊन नेपाळात एमिली ऑस्टर व रिबेका थॉर्नटन ह्यांनी जो प्रयोग केला, त्यात हजेरीवरील परिणाम फारच अल्प निघाला. म्हणून शाळेतील पाळीविषयक व्यवस्था अनावश्यक ठरते असे नव्हे. ती मुलीच्या प्रतिष्ठेसाठी आवश्यकच आहे. पण पॅडचे यंत्र बसविले म्हणजे गळती थांबली, असे समजून छायाचित्र काढून घेणाऱ्यांनी हा अभ्यास एकदा वाचावा. मुलींसाठी वेगळे, कुलूप न घातलेले व पाणी असलेले स्वच्छतागृह, हे मात्र वयात आलेल्या मुलींच्या पटनोंदणीत फरक पाडते असे अंजली अदुकिया ह्यांच्या भारतीय शाळांवरील अभ्यासावरून दिसते. त्यातील कुलपाचा व पाण्याचा तपशील माझा, आणि तो कोणत्याही शाळेत दुपारच्या सुट्टीत पडताळून पाहता येईल.

हा विषय आजच का हाती घ्यावा? राज्याने ह्या बाबतीत काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऐंशीच्या दशकातच महाराष्ट्राने मुलींचे शुल्क बारावीपर्यंत माफ केले. ग्रामीण विद्यार्थिनींस अहिल्याबाई होळकरांच्या नावाने एसटीचा मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ मागास तालुक्यांत खास मुलींसाठी निळ्या गाड्या धावतात. फीची अडचण गेली, बसभाड्याची गेली, आणि तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरापूर्वीच झाल्याचे आढळले; मागील फेरीत हा आकडा २६.३ होता, म्हणजे सुधारणा आहे, पण परभणी व बीड जिल्ह्यांत तो चाळिशीच्या पुढेच आहे. त्यामागचे अर्थशास्त्र निष्ठुर आहे. ऊसतोडीची उचल मिळते ती नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे कोयत्याला. मुकादमाच्या वहीत एकट्या मुलाला फारशी किंमत नाही, आणि फडावर गेलेल्या आईबापांना पाठीमागे घरी ठेवलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची धास्ती वाटते. लग्न हा त्यांना दोन्ही चिंतांवरचा तोडगा दिसतो. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाची नेमणूक आहे. परंतु लग्न ठरल्याची पहिली चाहूल बहुधा वर्गाच्या हजेरीपत्रकाला लागते. सलग तीन दिवस गैरहजर राहिलेल्या मुलीच्या घरी चौथ्या दिवशी कोणीतरी गेलेच पाहिजे असा दंडक एखाद्या मुख्याध्यापकाने घातला, तर त्याला कोणाचीही मंजुरी लागत नाही. आणि दाखला मागावयास आलेल्या पालकास ‘कोणत्या शाळेत घालणार?’ असे विचारून बसवून घेणे, हेही संहितेच्या चौकटीत बसते.

मुख्याध्यापकाच्या अशा छोट्या निर्णयांचे मोल समजण्यास एसटीचेच उदाहरण पुरे होईल. निकाल वाढावा म्हणून दहावीचे जादा तास साडेपाचनंतर ठेवण्याची प्रथा आहे. गावाकडे जाणारी मुलींची गाडी साडेपाचला सुटते. मग वाडीवस्तीवरच्या मुली जादा तासांना थांबत नाहीत, आणि वर्षअखेर ‘मुलींना अभ्यासाची गोडी नाही’ असा शेरा शिक्षकांच्या बैठकीत नोंदविला जातो. जादा तास सकाळी घेणारा, किंवा आगारव्यवस्थापकाला पत्र लिहून, आणि पत्राने भागले नाही तर स्वतः आगारात जाऊन, गाडी अर्धा तास पुढे ढकलून घेणारा मुख्याध्यापक हुजूरपागेच्या चालकांचाच वारस होय, मग त्याला त्या वादाची वार्ताही नसो.

दहावीपूर्वी शाळा सुटलेल्या मुलींना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. ही सवलत मोलाची आहे. पण ती शाळेच्या सोयीचीही आहे, कारण ‘बाहेरून बसव’ असे म्हणताच शाळेची जबाबदारी संपते. कच्च्या मुलीचा हा मार्ग मुख्याध्यापकाने तिच्या हितासाठी सुचविला की निकालाच्या पाटीसाठी, हे ज्याचे त्याला ठाऊक.

सुरक्षिततेचा प्रश्न ह्या सर्वांहून नाजूक आहे. तक्रारपेटी, लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, २०२२ पासूनची सखी सावित्री समिती, अशी तजवीज कागदोपत्री भरपूर आहे. ती समिती कधी बसते, पेटी कोण उघडतो, आणि मुलीने सांगितलेली गोष्ट संस्थेच्या अब्रूसाठी दाबली जाते की कायद्याप्रमाणे पुढे जाते, हे सर्वस्वी प्रमुखाच्या मनोधैर्यावर अवलंबून असते. एका शाळेत अशी गोष्ट दाबली गेली की पंचक्रोशीतील दहा घरांत मुलीचे दप्तर खुंटीला लागते.

आणि हा प्रमुख घडतो कसा? खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांविषयीचा १९७७ चा कायदा व १९८१ ची नियमावली ह्यांनी मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेवर ठेवले. संस्थाचालकांच्या मर्जीला ह्यामुळे आळा बसला, हा त्याचा मोठा गुण. पण त्यामुळे पुष्कळांना ही खुर्ची निवृत्तीच्या अठ्ठावन्न वर्षांच्या उंबरठ्यावर, दोन-तीन वर्षांसाठी मिळते, आणि तेवढ्यात संच मान्यता, पोषण आहाराचा हिशेब व ऑनलाइन माहिती भरणे ह्यांतून डोके वर निघत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकांसाठी वर्षास पन्नास तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा केली आहे. त्या पन्नास तासांत मुलींच्या प्रश्नास किती तास मिळतील, हे ते घेणाऱ्यांनी आताच ठरवावयाचे आहे.

प्रस्तुत संग्रह हा अशा प्रशिक्षणाचा पाठ्यग्रंथ नव्हे, आणि संशोधनाचा अहवालही नव्हे. मुख्याध्यापक, पर्यवेक्षिका, विस्तार अधिकारी व काही अभ्यासक ह्यांनी आपापल्या कामातून लिहिलेले लेख येथे एकत्र आणले आहेत. संपादकांनी त्यांच्यावर एकच बंधन घातलेले दिसते: लेखकाने जे प्रत्यक्ष हाताळले त्यापलीकडचे उपदेश करू नयेत. त्यामुळे मजकुरात पुनरुक्ती आहे, मतभेदही आहेत. मुलींसाठी वेगळी शाळा हवी की सहशिक्षणच बरे, ह्या प्रश्नावर दोन लेखक एकमेकांच्या अगदी विरुद्ध बोलतात. त्यांची समजूत घालण्याच्या भरीस संपादक पडले नाहीत हे उत्तम झाले. कर्वे आणि हुजूरपागा ह्यांच्या संप्रदायांतील वाद ज्या प्रांतात एका शतकात मिटला नाही, तो संपादकीय टिपणाने मिटण्यासारखा नव्हता.

संग्रहाच्या मर्यादाही उघड आहेत. शहरातील इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळांना येथे जवळजवळ स्थान नाही, आदिवासी आश्रमशाळांवर एकच लेख आहे आणि तो अपुरा वाटतो, कनिष्ठ महाविद्यालयाच्या दोन वर्षांचा तर विचारच नाही. दहावीत उत्तम गुण मिळविलेली मुलगी अकरावीला विज्ञानाऐवजी कला शाखेत का जाते, किंवा जातच नाही, ह्याचे उत्तर त्या दोन वर्षांत शिरल्यावाचून मिळणार नाही; दुसऱ्या खंडात ते यावे अशी अपेक्षा आहे.

क्रमाने वाचण्याचा हा ग्रंथ नाही. ज्यांच्या हाती येत्या जूनमध्ये शाळेचा कारभार प्रथमच येत आहे, त्यांनी पटनोंदणी व हजेरी ह्यांवरील लेख आधी वाचावेत असे मी सुचवीन. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात, आणि कोणत्या मुली मागे राहणार, त्यांच्या राहण्याची व्यवस्था कोठे व्हायची, ही यादी त्यापूर्वी, म्हणजे सप्टेंबरअखेर तयार असावी लागते; त्या यादीचा नमुना ह्या लेखांपैकी एकाच्या शेवटी जोडला आहे, आणि तो आपल्या शाळेपुरता बदलून घेण्यास हरकत नाही.